पिकअप वाहनातील गिअरबॉक्सचे दोषनिदान

पिकअप वाहनातील गिअरबॉक्सचे दोषनिदान म्हणजे गिअर न पडणे, गिअर सटकणे, ओढ कमी होणे, आवाज येणे किंवा तेल गळणे अशा लक्षणांवरून बिघाडाचे मूळ स्थान ठरविण्याची पद्धत होय. इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीत क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल हे चार मुख्य दुवे असतात. यांपैकी कोणत्याही दुव्यातील दोष चालकाला बहुधा ‘गिअरबॉक्स गेला’ अशाच स्वरूपात जाणवतो. प्रत्यक्षात अशा अनेक तक्रारींचे मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असते. म्हणून गिअरबॉक्स खाली उतरवून खोलण्यापूर्वी बाहेरच्या, कमी खर्चाच्या व सहज तपासता येणाऱ्या गोष्टी क्रमाने पाहणे, हे या दोषनिदानाचे मूलतत्त्व आहे.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या जिल्ह्यांतील वापराच्या संदर्भात प्रामुख्याने हाताने गिअर बदलावयाच्या जुन्या पिकअप वाहनांचा विचार केला आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सची माहिती शेवटी स्वतंत्र विभागात दिली आहे.

पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शेतमालाच्या जवळच्या व मध्यम पल्ल्याच्या वाहतुकीचा मोठा भार पिकअप वाहनांवर असतो. तासगाव, मिरज व कवठेमहांकाळ परिसरातील द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, कराड व फलटण भागांतील भाजीपाला हा माल नाशवंत असल्यामुळे वाहन वाटेत बंद पडल्यास दुरुस्तीच्या खर्चाइतकेच, किंबहुना अधिक, नुकसान मालाचे होते. बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि २००५ साली बाजारात आलेली व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस ही या कामातील परिचित वाहने होत. ही वाहने सर्वसाधारणपणे हाताने गिअर बदलण्याच्या पद्धतीची आहेत.

या प्रदेशातील रस्त्यांचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरील खंबाटकी, वाई व पाचगणी यांमधील पसरणी, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी आणि पाटण तालुक्यातून चिपळूणकडे जाणारा कुंभार्ली हे घाट सातारा जिल्ह्यातील वाहनांच्या नित्याच्या मार्गावर येतात. सांगली जिल्ह्याचा कृष्णाकाठ सपाट आहे. परंतु तेथे पुराचे पाणी वाहनांत शिरण्याचा धोका असतो. चढ, उतार, वाजवीपेक्षा जास्त भार आणि पाणी या चारही गोष्टी क्लच व गिअरबॉक्स यांच्या आयुष्यावर थेट परिणाम करतात.

रचना व कार्य

डिझेल इंजिन विशिष्ट फेऱ्यांच्या मर्यादेतच समाधानकारक काम करते. भरलेले वाहन जागेवरून हलविण्यासाठी किंवा चढ चढण्यासाठी चाकांना जास्त पीळ लागतो, तर सपाट रस्त्यावर वेग लागतो. ही दोन्ही कामे एकाच इंजिनाकडून करून घेण्यासाठी लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या वापरतात. त्यांचा संच म्हणजे गिअरबॉक्स. समजा, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ : १ आहे, तर इंजिनाच्या चार फेऱ्यांत गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याची एक फेरी होते आणि घर्षणातील तूट सोडल्यास त्या दांड्यावरील पीळ चौपट होतो.

गिअर बदलताना इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. हे काम क्लच करतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटून फिरणारी क्लच प्लेट प्रेशर प्लेटच्या दाबाने पकडलेली असते. पायाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून हा दाब सैल करते. पेडलची हालचाल रिलीज बेअरिंगपर्यंत केबलने किंवा द्रवाच्या दाबाने पोहोचविली जाते.

आधुनिक गिअरबॉक्समध्ये दंतचक्रे सतत एकमेकांत गुंतलेलीच असतात. गिअर टाकणे म्हणजे हव्या त्या दंतचक्राला सरकत्या कड्याच्या साहाय्याने मुख्य दांड्याशी जखडणे. जखडण्यापूर्वी दोघांचा वेग समान व्हावा यासाठी बहुधा पितळी मिश्रधातूचे शंक्वाकार कडे बसविलेले असते. या योजनेला सिंक्रोमेश म्हणतात. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम आली. त्यापूर्वीच्या वाहनांत वेग जुळविण्याचे काम चालकाला दोनदा क्लच दाबून स्वतः करावे लागे.

तपासणीचा क्रम

दोषनिदान करताना पुढील क्रम पाळल्यास अनावश्यक खर्च टळतो.

१. तक्रार नेमकी नोंदविणे : दोष कोणत्या गिअरमध्ये, चढावर की उतारावर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या गाडीत जाणवतो, हे चालकाकडून समजून घ्यावे.
२. गळती पाहणे : वाहन सपाट जागी रात्रभर उभे करून त्याखाली पुठ्ठा ठेवावा. पुठ्ठ्यावरील डागाच्या जागेवरून तेल इंजिनाच्या मागील सीलमधून, गिअरबॉक्समधून की डिफरन्शियलमधून गळते, याचा अंदाज येतो.
३. गिअर ऑइलची पातळी व स्थिती तपासणे.
४. क्लच पेडलची मोकळी हालचाल, केबल किंवा द्रवाची टाकी व नळ्या तपासणे.
५. गिअर दांडा व गिअरबॉक्स यांमधील जोडण्या, त्यांतील बुश आणि इंजिन-गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग तपासणे.
६. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस व मधले बेअरिंग हाताने हलवून पाहणे.
७. हे सर्व निर्दोष असेल तरच गिअरबॉक्स उतरविणे.

वाहनाखाली जाण्यापूर्वी ते सपाट जागी उभे करून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अत्यावश्यक आहे. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या वाहनाखाली कधीही जाऊ नये.

लक्षणे व कारणे

इंजिन वेग घेते, गाडी ओढत नाही

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही आणि जळकट वास येतो, हे क्लच घसरत असल्याचे लक्षण होय. खात्रीसाठी वाहन सपाट जागी उभे करून हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत, समोर कोणी नाही हे पाहावे, वरचा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. क्लच शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद पडते. ते चालूच राहिले तर क्लच घसरत आहे, असे समजावे. ही चाचणी काही क्षणांचीच असावी. पुन्हापुन्हा केल्यास प्लेट जळते.

पेडलला मोकळी हालचाल न उरणे हे याचे सर्वांत सोपे कारण असून ते केवळ समायोजनाने दूर होते. प्लेट झिजणे, प्रेशर प्लेटची स्प्रिंग कमजोर होणे आणि गळक्या सीलमधून प्लेटवर तेल येणे ही अन्य कारणे होत. तेल येत असल्यास सील न बदलता केवळ प्लेट बदलण्याचा उपयोग होत नाही. नवी प्लेटही थोड्याच दिवसांत तेलकट होते. गाडी चालविताना डावा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय आणि चढावर ब्रेकऐवजी अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय यांमुळे प्लेट व रिलीज बेअरिंग दोन्ही लवकर झिजतात.

गिअर पडत नाही किंवा घासून पडतो

येथे एक साधी चाचणी निर्णायक ठरते. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण इंजिन चालू केल्यावर पडत नाहीत आणि विशेषतः मागचा गिअर करकरत पडतो, असे असेल तर क्लच पूर्णपणे सुटत नाही. केबल ताणली जाणे, द्रवाच्या नळीत हवा शिरणे, मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळणे, प्लेट वाकणे ही त्याची कारणे असतात. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडू लागला, तर दोष द्रवाच्या यंत्रणेत असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी गिअरबॉक्स खोलण्याचे काहीच कारण नसते.

इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असेल तर प्रथम दांड्याच्या जोडण्या व बुश पाहावेत. एकाच गिअरला, उदाहरणार्थ तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना, करकर होत असेल आणि बाकीचे गिअर मऊ पडत असतील, तर त्या गिअरचे सिंक्रोमेश कडे झिजलेले असते. त्यासाठी मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

गिअर सटकणे

टाकलेला गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येणे, यास गिअर सटकणे म्हणतात. सैल माउंटिंग, चुकीची जुळवलेली जोडणी, गिअर जागी धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग कमजोर होणे, गुंतणाऱ्या दातांची टोके झिजून गोलसर होणे आणि बेअरिंगमधील ढिलाई ही त्याची कारणे होत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर दातांवरील भाराची दिशा उलटते. त्यामुळे झिजलेला गिअर बहुधा उतारावरच सटकतो. या कारणाने हा दोष गैरसोयीचा नसून सुरक्षिततेचा मानावा लागतो. गिअर दांडा हाताने दाबून धरून काम भागविण्याची पद्धत धोकादायक आहे. शिवाय त्यामुळे आतील फोर्कही झिजतो.

आवाज

वाहन उभे असताना, इंजिन चालू व गिअर न्यूट्रलमध्ये असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या दांड्याच्या किंवा काउंटरशाफ्टच्या बेअरिंगमध्ये असतो. याउलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग खराब झालेले असते.

मागील चाकांवर चालणाऱ्या वाहनांच्या पाच गिअरच्या अनेक गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो. म्हणजे भार काउंटरशाफ्टवरून न जाता सरळ पुढे जातो. इतर गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात कमी होत असेल तर संशय काउंटरशाफ्टवर घ्यावा. सर्व गिअरमध्ये सारखाच व केवळ गाडीच्या वेगानुसार बदलणारा आवाज असेल, तर तो बहुधा डिफरन्शियल किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. गाडी हलताना खालून ‘टक्’ असा ठोका बसणे हे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजल्याचे नेहमीचे चिन्ह आहे.

तेलावरून निदान

गिअरबॉक्समधील तेलाची पातळी वाहन सपाट जागी उभे असताना बाजूचा भरणीचा बूच काढून पाहतात. तेल साधारणतः भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. कमी तेलावर चाललेल्या गिअरबॉक्समध्ये उष्णता वाढून बेअरिंग व दंतचक्रे जळकट निळसर पडतात. प्रमाणापेक्षा जास्त तेलही हितकर नसते. ते फेसाळते आणि सीलमधून बाहेर पडते.

काढलेल्या तेलाचे निरीक्षण हे गिअरबॉक्स न खोलता आत डोकावण्याचे साधन आहे. चुंबकी बुचाला चिकटलेली राखाडी, लोण्यासारखी बारीक भुकटी ही सामान्य झीज होय. सोनेरी चमक दिसल्यास पितळी सिंक्रोमेश कडी झिजत आहेत. लोखंडाचे टवके किंवा दाताचा तुकडा आढळल्यास वाहन पुढे चालवू नये. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे.

तेलाची प्रतही महत्त्वाची असते. जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळी कड्यांना अपायकारक ठरू शकतात. म्हणून डिफरन्शियलसाठी आणलेले तेल गिअरबॉक्समध्ये भरू नये. वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेली प्रतच वापरावी.

पुराचे पाणी

२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या महापुरात सांगली व परिसरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेल्या वाहनाचा गिअरबॉक्स बाहेरून कोरडा व स्वच्छ दिसला तरी आत पाणी असू शकते. गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांवर हवा ये-जा करण्यासाठी लहान श्वासनळी असते. तिच्यातून पाणी आत शिरते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात गेल्यास आतील हवा आकसते आणि पाणी अधिकच ओढले जाते. त्यामुळे ओढ्याच्या खोल पाण्यातून एकदा गाडी काढली तरी हा धोका संभवतो.

अशा वाहनाचे इंजिन सुरू करण्यापूर्वीच गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचे खालचे बूच काढावेत. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी साचते व प्रथम बाहेर येते. त्यानंतर नवे तेल भरून वाहन थोडे चालवावे आणि ते तेलही काढून पुन्हा बदलावे. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असल्यास गिअर पडत नाही. तो गिअरबॉक्सचा दोष नव्हे. पाण्यासह महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या वाहनात बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात व ती बदलावी लागतात. जुने वाहन विकत घेताना भरणीच्या बुचाच्या आत दुधाळ थर किंवा गंज दिसतो का, हे पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

घाटरस्ते व गिअरबॉक्स

उतारावर गिअरबॉक्स ब्रेकचे काम वाटून घेतो. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीला इंजिनाचा अवरोध मिळतो व ब्रेकवरील भार कमी होतो. केवळ ब्रेकवर उतरल्यास ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला जातो, तो उतारही त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम या तत्त्वावरच आधारलेला आहे.

डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरणे अत्यंत घातक आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात यंत्रणा दोन-चार दाबांनंतर निकामी होते आणि पेडल कठीण होते. वेग वाढल्यावर खालचा गिअर पुन्हा पडेलच, याची खात्री नसते. उतारावर गिअर सटकल्यास प्रथम ब्रेकने वेग कमी करावा, क्लच दाबून ॲक्सिलरेटरने इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्यात आणि मग गिअर टाकण्याचा प्रयत्न करावा. गिअर सटकण्याची तक्रार असलेले भरलेले वाहन दुरुस्तीपूर्वी घाटात नेऊ नये.

जादा भार हे क्लच व गिअरबॉक्स लवकर निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा अधिक भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. व्यापारी वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व नंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु त्या तपासणीत गिअरबॉक्स खोलून पाहिला जात नाही. त्यामुळे वैध प्रमाणपत्र म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष असल्याची ग्वाही नव्हे.

स्वयंचलित गिअरबॉक्स

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लच पेडल नसते. इंजिन व गिअरबॉक्स यांमध्ये तेलाच्या प्रवाहाने शक्ती पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे मूळ जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संशोधनात आहे. मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स, हायड्रामॅटिक, जनरल मोटर्सने १९३९ साली आणला. अमेरिकेत पिकअप वाहनांत ही पद्धत फार पूर्वीच रूढ झाली. भारतात ती पिकअपमध्ये अलीकडे आली असून २०२२ साली दाखल झालेली टोयोटा हायलक्स हे तिचे एक उदाहरण होय.

येथेही निदानाचा क्रम बाहेरून आत असाच आहे. गिअर टाकल्यावर गाडी उशिरा हलणे, मध्येच ओढ तुटणे, धक्का बसून गिअर बदलणे ही प्रमुख लक्षणे होत. सर्वप्रथम तेल पाहावे. सामान्यतः लाल असलेले तेल काळपट होऊन जळका वास येत असेल तर आतील क्लचच्या चकत्या जळत आहेत. ते गुलाबी-दुधाळ झाले असेल तर रेडिएटरमधील शीतक नलिका फुटून पाणी मिसळले असण्याची शक्यता असते. पातळी मोजण्याची रीत प्रत्येक वाहनात निराळी असते. काहींत मोजपट्टी असते, तर काहींत ठरावीक तापमानाला बूच काढून पाहावे लागते.

त्यानंतर विजेच्या जोडण्या, वेग मोजणारे संवेदक आणि संगणकातील दोषसंकेत तपासावेत. गंभीर दोष आढळल्यास नियंत्रक संगणक गिअरबॉक्सला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. वाहन सावकाश घरी नेता यावे यासाठी केलेली ती योजना असते. तिलाच ‘गिअरबॉक्स जाम झाला’ असे समजून तो खोलणे चुकीचे ठरते. स्वयंचलित वाहन मागची चाके जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स वंगणाविना झिजतो. तसेच असे वाहन ढकलून सुरू करता येत नाही.

दुरुस्तीचा निर्णय

गिअरबॉक्स खोलणे अपरिहार्य ठरल्यास एकाच खेपेत सर्व सील, क्लच प्लेट व रिलीज बेअरिंग यांची स्थिती पाहावी. कारण या भागांसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरविण्याची मजुरी अनेकदा त्या भागांच्या किमतीइतकी होते. झिजलेले दंतचक्र एकटे न बदलता त्याच्या जोडीदारासह बदलणे इष्ट असते. नव्या दातांचा जुन्या दातांशी मेळ बसत नाही व आवाज येतो. बदललेले जुने भाग मालकाने पाहून ताब्यात घ्यावेत. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि तेलाची प्रत यांची नोंद वहीत ठेवल्यास पुढील दोषनिदान सोपे होते.